गिटारने धरलेला लेहरा

अल्बम सुरू होतो तो थेट आघातांनी. पाचही जण एकदम एका कॉर्डवर तुटून पडतात, थांबतात, मागे ड्रम्सचा गडगडाट होतो, पुन्हा पुढची कॉर्ड. आलाप नाही, विलंबित नाही. तंबोरे जुळवून घ्यायलाही कुणी वेळ दिलेला नाही. आपल्या मैफिलीत तासभर ज्याची वाट पाहायची तो 'झाला', म्हणजे शेवटचा द्रुत भाग, इथे पहिल्याच मिनिटात दारात उभा. मग हे सगळं अचानक खाली बसतं आणि गिटारवर तुटक स्वरांची एक आकृती फिरू लागते. ती आकृती पुढची सहा-साडेसहा मिनिटं कुणाच्या ना कुणाच्या हातात राहते. बाकीचे जळतात, विझतात, पुन्हा पेटतात. ती फिरतच असते.

महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडचा हा पहिला अल्बम, 'द इनर माउंटिंग फ्लेम'. ऑगस्ट 1971 मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झाला, त्याच वर्षी कोलंबिया कंपनीने काढला. आठ रचना, एकूण साधारण पंचेचाळीस मिनिटं. आठही रचना गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या नावावर. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे भांडण त्यावरूनच झालं.

पाचांची कुंडली मांडली तर नकाशाच उघडावा लागतो. मॅक्लॉफ्लिन इंग्लंडातल्या यॉर्कशायरचा. ड्रमर बिली कॉबम जन्माने पनामाचा, वाढला न्यूयॉर्कमध्ये, अमेरिकी लष्कराच्या बँडमध्ये वाजवून आलेला. की-बोर्डवर यान हॅमर, प्रागचा. 1968 मध्ये सोव्हिएत रणगाडे शहरात शिरल्यावर त्याने अमेरिका गाठली आणि पुढे गायिका सारा वॉनला साथ करत होता. व्हायोलिनवर शिकागोचा जेरी गुडमन, तो रॉक बँडमधून आलेला. बासवर डब्लिनचा रिक लेअर्ड, लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबात येईल त्या पाहुण्याला साथ करून तयार झालेला. उन्हाळ्यात एकत्र आले आणि उन्हाळा संपायच्या आत अल्बम. एवढ्या कमी सहवासात इतक्या अवघड ओळी पाच माणसं एका श्वासात कशा वाजवतात, हे मला अजून नीटसं पचलेलं नाही. गिटार, व्हायोलिन आणि की-बोर्ड एकच वेडीवाकडी तान जोडीने घेतात तेव्हा तीन वाद्यं वेगळी ओळखू येत नाहीत. वेगाचं कौतुक सगळेच करतात. मला त्या एकजुटीचं जास्त वाटतं.

आता नावाकडे येऊ, कारण आपल्याकडे या बँडबद्दल बोलणं निघालं की नावापाशीच येऊन थांबतं. महाविष्णू हे नाव मॅक्लॉफ्लिनला त्याचे गुरू श्रीचिन्मय यांनी दिलं. श्रीचिन्मय मूळचे चितगावकडचे, पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमात वीस वर्षं राहिले आणि 1964 मध्ये न्यूयॉर्कला गेले. आतून वर चढत जाणारी ज्वाला ही शीर्षकातली प्रतिमाही त्यांच्याच बोलण्यातली. शिष्य झाल्यावर मॅक्लॉफ्लिनने केस बारीक कापले, पांढरे कपडे घातले. कार्यक्रमाआधी तो श्रोत्यांना क्षणभर शांत बसायची विनंती करायचा, आणि त्यानंतर जो आवाज निघायचा त्याने पहिल्या रांगेतल्या लोकांचे कान दुखायचे. बाकीचे चौघे या गुरूंचे शिष्य नव्हते. म्हणजे संस्कृत नावाच्या या बँडमध्ये भक्त एकच.

पण नाव, पांढरे कपडे, गुरू, रचनांच्या नावांतलं कमळ नि माया असलं सगळं पाहून 'भारतीय संगीताचा प्रभाव' असा शिक्का या अल्बमवर बसला तो बसलाच. इंग्रजी समीक्षक तो मारतात, आणि आपले लोक तर त्याहून आनंदाने मारतात. ऐकायला गेलं तर काय सापडतं? सतार नाही. तबला नाही. तंबोरा नाही. आणि या गोष्टी हाताशी नव्हत्या असंही नाही. याच्या थोडं आधीच मॅक्लॉफ्लिनने 'माय गोल्स बियाँड' नावाचा अल्बम केला होता, त्यात बादल रॉय तबल्यावर होता, तंबोराही होता, आणि कॉबम आणि गुडमनही होते. म्हणजे पुढच्या अल्बममध्ये त्याने ते बाजूला ठेवले, हे समजून-उमजून. विजेची गिटार ठेवली, मार्शलच्या अॅम्प्लिफायरसारख्या भिंतीएवढ्या आवाजाची ओढ ठेवली, आणि रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने उघडून दिलेलं ते सगळं कर्कश, फाटलेलं, सुंदर नादविश्व ठेवलं.

भारतीय जॅझ ऐकायचाच असेल तर त्याच काळातलं लंडन बघा. मुंबईत जन्मलेला, गोवेकर आईबापांचा मुलगा अमान्सिओ डिसिल्व्हा तिथे गिटार वाजवत होता. 1969 मध्ये त्याचे 'इंटिग्रेशन' आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबरचा 'हम दोनो' हे अल्बम तिथे झाले. त्यातल्या चाली ऐकताना आपला माणूस वाजवतोय हे सांगावं लागत नाही. मॅक्लॉफ्लिनही त्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत लंडनमध्येच होता. आपल्याकडे डिसिल्व्हाचं नाव किती जणांनी ऐकलंय? असो. आपल्या माणसाला विसरून परक्याच्या नावातल्या विष्णूवर खूश होणं ही आपली जुनी खोड.

मग मात्रांचा मुद्दा येतो. 'डॉन' ही दुसरी रचना सातच्या आवर्तनात आहे. 'व्हायटल ट्रान्सफॉर्मेशन' नऊच्या. 'द डान्स ऑफ माया' दहाच्या. तबला शिकलेला कुणीही लगेच बोटं मोजायला लागतो: रूपक, मत्त, झपताल! मीही मोजतो, सवयच ती. पण रूपकात पहिली मात्राच खालीची, म्हणजे जोर न देता सोडलेली. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन जमिनीऐवजी हवेत पाऊल पडल्यासारखं जे वाटतं, तेच रूपकाचं सौंदर्य. रॉकमधल्या सातात असलं काही नसतं, तिथे पहिली मात्रा भरीची आणि ठोसून सांगितलेली. झपतालाची दोन-तीन-दोन-तीन ही वाटणीही 'माया'मध्ये शोधायला जाऊ नका. विषम मात्रा बल्गेरियाच्या लोकसंगीतातही आहेत, आणि त्या तिथून हंगेरीच्या संगीतकार बार्टोकने उचलल्या. अमेरिकी जॅझमध्ये डेव्ह ब्रुबेकने 1959 मध्येच पाच आणि नऊ मात्रांच्या चाली लोकप्रिय करून दाखवल्या होत्या. सात मोजता आले की लगेच भारत आला असं होत नाही.

'माया'मध्ये मला आवडतो तो वेगळा भाग. सुरुवातीला गिटारवर दहाच्या हिशोबात, सरपटत गेल्यासारख्या विचित्र कॉर्ड येतात. त्यांत कुठेच घर सापडत नाही. मग मध्येच ते सगळं बंद होतं आणि चक्क ब्लूज सुरू होतो, कुठल्याशा दारूच्या अड्ड्यावर वाजावा तसा डुलत. मान डोलवायला लागावं तर डोलता डोलता पाय चुकतो, कारण हा ब्लूज वीसच्या आवर्तनाचा आहे. ऐकणाऱ्याला आधी कळत नाही की याची दहाशी काय सोयरीक. शेवटी दोन्ही एकमेकांवर चढवले जातात: वर त्या भुताटकीच्या कॉर्ड, खाली ब्लूज, दहाची दोन आवर्तनं आणि वीसचं एक. कोडं मांडणाऱ्यानेच शेवटी उत्तर दाखवावं, पण तोंडाने काही न बोलता, असा तो प्रकार. इथे मात्र मला आपल्या तालाच्या माणसांची आठवण येते. मात्रांच्या आकड्यामुळे नव्हे. हिशोब लपवून ठेवायचा आणि योग्य जागी उघडा करायचा, या वृत्तीमुळे.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसलो तिथे येतो. सातवी रचना, 'यू नो यू नो'.

लहानपणी तबल्याच्या क्लासला जायचो. हात फार चालायचा नाही, पण घरी पेटी असल्याने पेटीवर चार बोटं फिरायची. त्यामुळे क्लासमधल्या इतरांच्या स्वतंत्र वादनाला लेहरा धरायचं काम माझ्याकडे यायचं. तबल्याच्या गावचे नसलेल्यांसाठी सांगतो: तबलजी एकटा वाजवतो तेव्हा पेटी किंवा सारंगीवर एका आवर्तनाची एक छोटी चाल पुन्हा पुन्हा वाजत राहते, तिला लेहरा किंवा नगमा म्हणतात. तीनतालाचा असेल तर सोळा मात्रांची चाल, अर्धा-अर्धा तास. काही बदलायचं नाही, सजवायचं नाही, घाई करायची नाही. तबलजी कितीही लांब भटकून आला तरी त्याला परत यायला घर जागेवर हवं. मला ते काम मनापासून कंटाळवाणं वाटायचं. पण त्यात एक गोष्ट कळली: लेहरा धरणारा माणूस सर्वांत जास्त ऐकतो. त्याला वाजवायला फारसं काही नसतंच, मग काय करणार, ऐकतो.

'यू नो यू नो'मध्ये मॅक्लॉफ्लिन नेमकं हे करतो. पाच मिनिटांची रचना. गिटारवर संथ, सुट्या सुट्या स्वरांची एक आकृती, तीच ती. बास तिला खालून आधार देतो. हळूहळू व्हायोलिन, की-बोर्ड तिला येऊन मिळतात. कुणी एकटा पुढे येऊन लांबलचक वादन करत नाही. की-बोर्डवरून एखादा शिंतोडा, गिटारची एखादी अचानक किंकाळी, पुन्हा सगळे आकृतीच्या आत. उत्तरार्धात मग आकृतीच्या फटींतून कॉबम बोलू लागतो. आधी एखादा बोल, मग एखादं वाक्य, मग मोठा परिच्छेद. जगातला एक अफाट वेगाचा गिटारवादक लेहरा धरून बसलाय आणि ड्रमर स्वतंत्र वादन करतोय. मला हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा बाकीच्या रचनाही याच कानाने पुन्हा ऐकल्या. पहिलीतली ती फिरणारी आकृती? लेहराच. 'माया'तल्या भुताटकीच्या कॉर्ड? लेहराच, जरा वेडसर. या बँडमध्ये ताल धरण्याची जबाबदारी ड्रमरकडून काढून सुरांच्या वाद्यांकडे दिलेली आहे, आणि म्हणूनच ड्रमर इतका मोकळा आहे.

रॉकमध्ये ड्रमर म्हणजे घड्याळ. जॅझमध्ये त्याच्या उजव्या हाताखालची मोठी झांज लय सांगत असते. कॉबम दोन्ही करू शकतो, पण या अल्बममध्ये त्याला ते करायची सक्ती नाही. त्याच्या पायांखाली दोन बास ड्रम. हात एकमेकांवर ओलांडून न घेता तो डाव्या हाताने डावीकडचं आणि उजव्याने उजवीकडचं वाजवतो, त्यामुळे त्याचं वाजवणं कुठूनही सुरू होऊ शकतं. 'व्हायटल ट्रान्सफॉर्मेशन'ची सुरुवात एकट्या कॉबमची. नऊ मात्रा तो इतक्या सपाट्याने आणि इतक्या सहज मांडतो की त्या नऊ आहेत हे पाचव्या-सहाव्या आवर्तनाला कळतं. पुढे बाकीचे येतात, पण तुमचा कान त्याच्याकडेच राहतो.

तर मग हा लेहरा भारतातून आला का? शिक्का मारायचा मोह मलाही झाला. पण त्याआधीची वंशावळ बघितली पाहिजे. 1967 मध्ये जॅझ ट्रंपेटवादक मायल्स डेव्हिसच्या पंचकाने 'नेफर्टिटी' नावाची एक रचना मुद्रित केली. तिच्यात ट्रंपेट आणि सॅक्सोफोन एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवतात, स्वतंत्र वादन करतच नाहीत. आणि त्या चालीच्या खाली पियानो, बास, आणि मुख्य म्हणजे ड्रम्स हवे ते करतात. तो ड्रमर होता टोनी विल्यम्स. 1969 च्या सुरुवातीला मॅक्लॉफ्लिन इंग्लंड सोडून न्यूयॉर्कला आला तो याच टोनी विल्यम्सच्या बँडमध्ये वाजवायला. आणि आल्या आल्या, फेब्रुवारीत, मायल्सच्या 'इन अ सायलेंट वे'च्या ध्वनिमुद्रणात बसला. गिटार येत नसल्यासारखी वाजव, असं मायल्सने आपल्याला तेव्हा सांगितल्याचं मॅक्लॉफ्लिन पुढे सांगत आला. म्हणजे चाल स्थिर आणि ताल मुक्त ही उलथापालथ त्याने पहिल्यांदा जवळून पाहिली ती एका अमेरिकी ड्रमरच्या शेजारी बसून. हेही मला कमी थरारक वाटत नाही. बनारस-लखनौच्या तबलियांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली एक मांडणी, आणि न्यूयॉर्कच्या स्टुडिओत स्वतंत्रपणे सापडलेली तशीच एक मांडणी. दोन्ही भेटायच्या होत्या, पण अजून नाही.

एक पूल आधीच बांधला गेला होता खरा. उस्ताद अल्लारखाँ आणि जॅझ ड्रमर बडी रिच यांचा 'रिच आ ला राखा' 1968 मध्येच आला होता. पण तो भेटीगाठीचा मामला. ती माणसं एका घरात राहायला गेली नव्हती.

अल्बमच्या सगळ्याच गोष्टी मला आवडतात असं नाही. 'द नूनवर्ड रेस'मध्ये व्हायोलिन, की-बोर्ड आणि गिटार तिघेही आळीपाळीने धावतात, आणि हॅमर आपला इलेक्ट्रिक पियानो रिंग मॉड्युलेटर या आवाज विकृत करणाऱ्या यंत्रातून असा काही काढतो की पियानो की बिघडलेला रेडिओ हे कळू नये. तेवढा भाग मजेचा. बाकी शर्यत ती शर्यतच, नावाप्रमाणे. इंटरनेटवर गिटार शिकणारी पोरं या वेगाची सेकंदागणिक मापं काढत बसतात, त्यांना लखलाभ. 'अ लोटस ऑन आयरिश स्ट्रीम्स' याच्या अगदी उलट: बास नाही, ड्रम्स नाहीत, नुसती साधी गिटार, पियानो आणि व्हायोलिन. सुंदर आहे. पण इतक्या आगीनंतर ती थोडी सरबत दिल्यासारखी वाटते, आणि माझं लक्ष कॉबम परत कधी येतो याकडे लागतं.

या बँडचं पुढे काय झालं ते थोडक्यात. 1973 च्या 'बर्ड्स ऑफ फायर'ने पहिल्यापेक्षा बरीच मोठी लोकप्रियता मिळवली, हॅमरच्या हाती मिनीमूग हा सिंथेसायझर आला आणि त्यावर तो सूर वाकवून गिटारच्या तोंडीला तोंड देऊ लागला. पण हॅमर, गुडमन यांना आपल्या रचनांनाही जागा हवी होती, आणि पाचांपैकी एकाच्या गुरूंची सावली सगळ्यांवर पडत होती. त्या वर्षाअखेर मूळ पाच जणांचा संच मोडला. लंडनला केलेलं तिसऱ्या अल्बमचं ध्वनिमुद्रण तसंच पडून राहिलं आणि थेट 1999 मध्ये बाहेर आलं.

आणि भारत खरोखर आला तो त्यानंतर. मॅक्लॉफ्लिन अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकला. मग झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती' हा बँड उभा राहिला, विजेशिवाय, मांडी घालून. तिथे लेहरा हा लेहरा होता, तिहाई (तीनदा घेऊन संपवायचा बोल) ही तिहाई होती, आणि मॅक्लॉफ्लिनला ती समेवर आणून ठेवावी लागत होती. मुंबईकरांना 'शक्ती'चं पुढचं रूप जवळचं. डिसेंबर 2000 मध्ये मुंबईतच मुद्रित झालेला 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे', आणि त्यात चेंबूरचे शंकर महादेवन. 'कट्यार काळजात घुसली'मधून ज्यांना मराठी प्रेक्षकाने डोक्यावर घेतलं तेच. झाकीरभाई डिसेंबर 2024 मध्ये गेले. त्याच वर्षी 'शक्ती'च्या 'धिस मोमेंट'ला ग्रॅमी मिळाला होता. 'शक्ती' ऐकून मग 'इनर माउंटिंग फ्लेम'कडे परतलं की फरक चटकन कळतो. 'शक्ती'त मॅक्लॉफ्लिन कुणाच्या तरी घरी गेलाय, नीट वागतोय, शिकतोय. पहिल्या अल्बममध्ये तो कुणाच्याच घरी नाही.

एक गंमत राहिली. ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅक या मंडळींनी 1991 मध्ये आपला पहिला अल्बम काढला, 'ब्लू लाइन्स'. त्यातलं 'वन लव्ह' हे गाणं चक्क 'यू नो यू नो'मधला तुकडा उचलून, त्याच्या फेऱ्यांवर उभं केलेलं आहे. त्याच अल्बममधल्या 'सेफ फ्रॉम हार्म'खाली कॉबमच्या स्वतःच्या 'स्ट्रेटस'चा ठेका वाजतो. तो 1973 चा, त्याने महाविष्णूत असतानाच केलेल्या 'स्पेक्ट्रम'मधला. एवढा आग ओकणारा बँड समोर असताना या पोरांनी त्यातली एकही तान उचलली नाही, एकही कसरत उचलली नाही. उचलला तो गिटारने धरलेला लेहरा, आणि कॉबमचं काम. 'वन लव्ह' ऐकताना मात्र माझी एक तक्रार राहतेच: त्या फेऱ्यांवर आता माणूस गातोय, आणि फटींतून कॉबम यायचा तो येत नाही.